शुक्रजंतू स्त्रीबीजात शिरतो म्हणजे नेमके काय होते? : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि सस्तन प्राण्यांतील फलन

रानजाई (मूळ लेख)

बारावीच्या वर्गात मानवी प्रजननाचा धडा शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, शुक्रजंतू आत शिरतो तेव्हा त्याची कातडीही आत जाते का?" वर्गात थोडी कुजबुज झाली. मला मात्र तो प्रश्न इतका आवडला की त्या दिवशीचा उरलेला तास मी त्यावरच घालवला. १९५० च्या दशकात जगभरचे जीवशास्त्रज्ञ अगदी हाच प्रश्न विचारत होते आणि त्याचे उत्तर देण्याची ताकद त्या वेळच्या साध्या सूक्ष्मदर्शकात नव्हती.

कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रथम ओळखले. ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ मध्ये समुद्री साळिंदराच्या अंड्यात दोन केंद्रके एकत्र येताना पाहिली. त्यामुळे शुक्रजंतूचे केंद्रक आत जाते हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. अडचण होती ती पेशीपटलाची, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पातळ आवरणाची. दृश्य प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत आणि पेशीपटलाची जाडी असते जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर. म्हणजे शुक्रजंतू आणि स्त्रीबीज एकमेकांना भिडतात त्या जागी, नेमक्या महत्त्वाच्या क्षणी, निरीक्षकाला एक धूसर रेषा दिसत असे आणि पुढचे सारे अनुमानावर सोडावे लागत असे. शुक्रजंतू स्वतःच्या पटलासह सगळाच्या सगळा गिळला जातो, असे मानणारे होते. तो भोक पाडून आत घुसतो, असे मानणारेही होते.

माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिनमध्ये प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाहणारा पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला, तरी पेशींचे पुरेसे पातळ काप घेण्याची कला साधायला आणखी वीस वर्षे गेली. आर्थर आणि लॉरा कोल्विन या दांपत्याने समुद्री कृमींवर काम करून दाखवले की तेथे गिळणेही नसते आणि भोकही नसते. दोन्ही पेशींची पटले एकमेकांत मिसळतात आणि दोन पेशींभोवती मिळून एकच अखंड पटल तयार होते. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत हा पुरावा डॅनियल झोलोशी आणि हान्स रिस यांनी १९६१ मध्ये उंदराच्या कुळातील घुशीएवढ्या प्रयोगशाळेतील रॅटवर काम करून दिला. त्यांच्या चित्रांत शुक्रजंतूचे केंद्रक स्त्रीबीजाच्या पेशीद्रवात आहे, परंतु त्याभोवती त्याचे स्वतःचे बाह्य पटल नाही, कारण ते पटल बाहेरच राहून स्त्रीबीजाच्या पटलाचा भाग झाले आहे.

माझ्या विद्यार्थिनीला मी म्हणूनच उत्तर दिले की कातडी बाहेर राहते. घरी येऊन पुन्हा वाचल्यावर माझ्या लक्षात आले की हे उत्तर पूर्ण नाही. त्याविषयी खाली लिहीनच. तत्पूर्वी, या विषयात ज्यांनी हात घातला आहे अशांनी लिहावे, यासाठी हा धागा काढत आहे.

कासवचाल

लेख आवडला. मी वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे एक प्राथमिक शंका विचारतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पेशी जिवंत राहत नाही असे वाचले आहे. मग मेलेल्या पेशीच्या एका स्थिर छायाचित्रावरून "आधी हे झाले, मग ते झाले" असा क्रम कसा काय ठरवतात? मिरवणुकीची दहा छायाचित्रे विस्कटून दिली तर कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे कसे सांगणार?

ओंजळ

कासवचाल, तुमची शंका प्राथमिक नाही. या तंत्रातली मुख्य अडचण हीच आहे. मी तीसेक वर्षे एका संशोधन संस्थेच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विभागात नमुने तयार करण्याचे काम केले, त्यामुळे हाताने केलेले तेवढे सांगते.

क्रम ठरतो तो घड्याळावरून. एकाच वेळी पुष्कळ स्त्रीबीजे आणि शुक्रजंतू काचपात्रात एकत्र करतात आणि ठरावीक मिनिटांनी त्यातली काही उचलून ग्लुटाराल्डिहाइड या पेशी टिकवणाऱ्या रसायनात टाकतात. त्या क्षणी पेशी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत थांबते. नंतर ऑस्मियम टेट्रॉक्साइड देतात, ज्यामुळे पटलांतील मेद काळा उठून दिसतो. याची वाफ डोळ्यांना फार घातक असते, म्हणून ते काम आम्ही धूर ओढणाऱ्या कपाटातच करत असू. मग पाणी काढून टाकायचे, राळेत बसवायचे, राळ भट्टीत कडक करायची आणि काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने काप घ्यायचे. काप सुरीमागच्या पाण्यावर तरंगतात आणि त्यांच्या रंगावरून जाडी कळते. रुपेरी दिसला तर सुमारे ६० ते ९० नॅनोमीटर, म्हणजे कामाचा. सोनेरी झाला की जाड झाला. तो काप ३ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर उचलायचा, युरेनियम आणि शिशाच्या क्षारांनी रंगवायचा आणि मगच सूक्ष्मदर्शकात घालायचा.

आता हिशेब पाहा. मानवी स्त्रीबीजाचा व्यास साधारण ११० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) धरला आणि काप ७० नॅनोमीटरचा धरला, तर एका स्त्रीबीजाचे दीड हजारांहून अधिक काप होतात. शुक्रजंतूचे डोके ५ मायक्रॉन लांब, ३ मायक्रॉन रुंद आणि जेमतेम १ मायक्रॉन जाड. ते ज्या दिशेने कापले जाईल त्यानुसार त्या दीड हजारांपैकी पंधरा ते सत्तर कापांत सापडणार. त्यातही पटले जिथे जुळतात ती जागा दोन-चार कापांतच. म्हणून आधी थोडे जाड काप घेऊन, निळ्या रंगाने रंगवून, साध्या सूक्ष्मदर्शकात शुक्रजंतू शोधायचा आणि तो दिसू लागला की पातळ काप सुरू करायचे. एक काप दुमडला किंवा जाळीच्या दांडीआड गेला, तर सबंध आठवड्याचे काम वाया जाई. १९६० च्या दशकातली ती चित्रे मी पाहते तेव्हा मला त्यामागचे हात दिसतात.

आणखी एक धोका सांगते. मरायला टेकलेल्या शुक्रजंतूचे अग्रभागाचे आवरणही फुटते, आणि ते चित्र खऱ्या क्रियेसारखेच भासू शकते. त्यामुळे नुसते चित्र मिळाले म्हणजे पुरावा मिळाला असे होत नाही. तो शुक्रजंतू फलनाच्या मार्गावर होता हे त्याच्या जागेवरून सिद्ध करावे लागते.

रानजाई

ओंजळ, मनापासून आभार. पाठ्यपुस्तकातल्या एका आकृतीमागे इतके श्रम असतात हे मी उद्याच मुलांना सांगणार आहे.

आता राहिलेले उत्तर. शुक्रजंतूच्या डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते, तिला अ‍ॅक्रोसोम म्हणतात. तिच्यात विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, भरलेली असतात. ती पिशवी उघडते कशी, हे सस्तन प्राण्यांत १९६७ मध्ये बारोस, बेडफर्ड, फ्रँकलिन आणि ऑस्टिन यांनी दाखवले. पेशीपटल आणि अ‍ॅक्रोसोमचे बाहेरचे पटल एकाच ठिकाणी न फाटता अनेक ठिकाणी एकमेकांना जुळतात आणि त्यांच्यापासून बारीक बारीक पुटिकांची, म्हणजे इवल्या पिशव्यांची, एक चाळणी बनते. त्या चाळणीतून आतले द्रव्य बाहेर पडते, पुटिका गळून जातात, आणि अ‍ॅक्रोसोमचे आतले पटल, जे आजवर झाकलेले होते, तेच आता डोक्याचा पुढचा पृष्ठभाग होते.

हे कळल्यावर एक कोडे उभे राहिले. शुक्रजंतू टोकाने पुढे सरकतो, तेव्हा टोकावरचे हे नवे पटलच स्त्रीबीजाशी जुळत असणार, असे कोणालाही वाटेल. समुद्री प्राण्यांत खरोखर तसेच होते. सस्तन प्राण्यांत मात्र बेडफर्ड, यानागिमाची आणि इतरांच्या सशावरील व हॅमस्टरवरील चित्रांत वेगळेच दिसले. शुक्रजंतू स्त्रीबीजावर आडवा पडतो आणि मीलन सुरू होते ते डोक्याच्या मधल्या पट्ट्यापाशी, ज्याला विषुववृत्तीय भाग असे नाव आहे. तेथून ते मागे पसरते. पुढचे टोक, आतल्या अ‍ॅक्रोसोम पटलासह, स्त्रीबीजाच्या पटलात वेढले जाऊन आत ओढले जाते.

म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की बरीचशी कातडी बाहेर राहते, परंतु टोकाचा एक तुकडा वेढला जाऊन आत जातो. "गिळले जाते" असे म्हणणारे जुने अभ्यासक सर्वस्वी चुकीचे नव्हते. त्यांचे म्हणणे डोक्याच्या एका भागापुरते खरे निघाले.

शिंपला

चर्चा वाचून राहवले नाही. विकरे बाहेर पडून स्त्रीबीजाभोवतीचे कवच, म्हणजे झोना पेल्युसिडा, विरघळवतात आणि शुक्रजंतूला वाट मिळते, असे आम्हाला पदवीला शिकवले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे या कथेला तितकीशी साथ देत नाहीत, हे नोंदवावेसे वाटते. झोनातून गेलेल्या शुक्रजंतूमागे जी वाट राहते ती अरुंद, जवळजवळ डोक्याच्याच मापाची आणि स्वच्छ कडांची फट असते. कवच विरघळत गेले असते तर कडा विस्कटलेल्या आणि वाट ऐसपैस दिसली असती. याच कारणावरून बेडफर्ड यांनी शेपटीच्या जोराला अधिक महत्त्व दिले होते.

पुढे १९९४ मध्ये अ‍ॅक्रोसिन हे त्या पिशवीतले विकर नसलेले उंदीर तयार केले गेले आणि त्यांना पिल्ले झाली. तेव्हा अनेकांना विकराचा मुद्दा संपला असे वाटले. परंतु २०२० मध्ये अ‍ॅक्रोसिन नसलेल्या हॅमस्टरवर प्रयोग झाला, तर त्यांचे शुक्रजंतू झोनापाशीच अडकून राहिले. एका प्राण्यावरचा निष्कर्ष सगळ्या सस्तन प्राण्यांना लावण्याची घाई करू नये, असे मला यावरून ठामपणे वाटते.

ओंजळ यांच्या म्हणण्यालाही एक जोड देतो. झोनाला चिकटलेल्या शुक्रजंतूंवर पुटिकांची चाळणी दिसे, त्यावरून अ‍ॅक्रोसोमची क्रिया झोनाच्या स्पर्शानेच सुरू होते, असे कित्येक वर्षे मानले गेले. २०११ मध्ये चमकणारे प्रथिन घातलेल्या जिवंत उंदीर-शुक्रजंतूंचे चित्रण जपानमध्ये केले गेले आणि असे दिसले की ज्यांनी खरोखर फलन केले त्यांतील बहुतेकांची ही क्रिया झोनाला शिवण्याआधीच सुरू झाली होती. स्थिर चित्राने जागा अचूक सांगितली होती. तिच्यावरून वेळ आपण परस्पर ठरवली होती.

कासवचाल

माझ्या मिरवणुकीच्या शंकेचे यापेक्षा चांगले उत्तर मिळाले नसते. आणखी एक विचारतो. एकदा एक शुक्रजंतू आत गेला की दुसऱ्याला आत येऊ दिले जात नाही, हे शाळेत शिकलो होतो. तेही कोणी डोळ्यांनी पाहिले आहे का?

रानजाई

होय. स्त्रीबीजाच्या पटलाखाली अर्ध्या मायक्रॉनहूनही लहान असे हजारो कण ओळीने मांडलेले असतात, त्यांना कॉर्टिकल कण म्हणतात. झोलोशी यांनी १९६७ मध्ये रॅट आणि हॅमस्टर यांच्या स्त्रीबीजांत या कणांची वाढ आणि फलनानंतर त्यांचे बाहेर रिते होणे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. फलनापूर्वीच्या चित्रात पटलाखाली काळ्या ठिपक्यांची रांग असते आणि नंतरच्या चित्रात ती रांग नाहीशी झालेली असते. ही जोडचित्रे मी वर्गात शेजारी शेजारी लावते.

कणांतून बाहेर पडलेले ओव्हास्टासिन हे विकर झोनातील झेडपी२ या प्रथिनाला एका ठरावीक जागी कापते, हे पुढे रेणूंच्या अभ्यासातून कळले. झोना हे तंतूंचे जाळे आहे आणि त्या तंतूंत ठरावीक अंतरावर तीच रचना पुन्हा येते, हे ग्रीव्ह आणि वासरमन यांनी १९८५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानेच दाखवले होते. २०२४ मध्ये स्वीडनमधील लूका योव्हिने यांच्या गटाने या दोन धाग्यांची गाठ मारली : झेडपी२ कापले गेले की त्याचे तुकडे एकमेकांना धरतात, तंतू आवळले जातात आणि सगळे कवच घट्ट होते. दार बंद होते म्हणजे जाळ्याची वीण बदलते, हे मला फार विलक्षण वाटते.

दीपमाळ

मी वंध्यत्व उपचार केंद्रात भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करते. येथे बहुतेक चर्चा प्राण्यांवर झाली, म्हणून माणसाविषयी लिहिते.

झाम्बोनी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मानवी स्त्रीबीजाचे फलनानंतरचे, दोन प्रोन्यूक्लियस, म्हणजे आईकडचे एक आणि वडिलांकडचे एक अशी वेगळी केंद्रके, असलेल्या अवस्थेचे सूक्ष्म वर्णन प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत आम्ही रोज सकाळी फलन झाले की नाही हे पाहताना जे दोन गोल शोधतो, तेच हे. पुष्कळांचा असा समज असतो की हे दोन गोल एकमेकांत मिसळून एक केंद्रक बनते. सस्तन प्राण्यांत तसे होत नाही. लाँगो आणि अँडरसन यांनी १९६९ मध्ये सशात दाखवले की दोन्हींची आवरणे विरून जातात आणि गुणसूत्रे थेट पहिल्या विभाजनाच्या तयारीत एकत्र येतात. आई आणि वडील यांच्या गुणसूत्रांभोवती एकच आवरण पहिल्यांदा येते ते दोन पेशी झाल्यावर.

दुसरी गोष्ट सेंट्रिओलची. विभाजनाची चाती, म्हणजे गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारी तंतूंची रचना, उभी करायला जे केंद्र लागते ते कोणाकडून येते? उंदरात पाहिले तर शुक्रजंतूतील सेंट्रिओल आधीच नष्ट झालेले असतात, आणि त्यावरून सगळ्याच सस्तन प्राण्यांत ते आईकडून येत असावे असे वाटू शकले असते. मेलबर्नमध्ये काम करणारे, मूळचे श्रीलंकेचे हेन्री सथानंथन यांनी मानवी स्त्रीबीजांचे काप चिकाटीने पाहिले आणि १९९१ मध्ये दाखवले की माणसात सेंट्रिओल शुक्रजंतूबरोबर येतो. म्हणून पहिल्या विभाजनातील काही बिघाडांचे मूळ आम्ही पुरुषाच्या बाजूलाही शोधतो. घरोघरी दोष बाईच्याच माथी मारला जातो, तेव्हा ही गोष्ट मी समोर बसलेल्या जोडप्याला आवर्जून सांगते.

तिसरी गोष्ट तर थेट उपचाराची. ब्यॉर्न आफझेलियस यांनी १९७६ मध्ये अशा पुरुषांचे वर्णन केले ज्यांचे शुक्रजंतू जिवंत असूनही हलत नव्हते. शेपटीच्या आडव्या कापात नऊ जोडनलिका आणि मध्ये दोन नलिका जागेवर होत्या, पण नलिकांना जोडलेले डायनिनचे हात, म्हणजे शेपटी हलवणारी प्रथिने, गायब होते. तेच हात श्वासनलिकेतील हलणाऱ्या सूक्ष्म केसांतूनही गायब होते, त्यामुळे या पुरुषांना लहानपणापासून सर्दी-खोकला आणि सायनसचा त्रास होता आणि काहींचे हृदय उजवीकडे होते. असा कोणी आला की आम्ही खोकल्याची चौकशी करतो ती यासाठी. १९९२ मध्ये ब्रसेल्समधून इक्सी, म्हणजे एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत, जाहीर झाली आणि अशा पुरुषांनाही बाप होण्याची वाट मिळाली. हलत नसलेल्यांतून जिवंत शुक्रजंतू ओळखण्यासाठी आम्ही त्यांना सौम्य द्रावणात ठेवतो. जिवंत असेल त्याची शेपटी फुगून वळते.

इक्सीत पटलांचे मीलन होतच नाही, हे मात्र विसरता येत नाही. रानजाई यांनी वर वर्णन केलेले सगळे टप्पे आपण ओलांडून जातो. ऱ्हीसस माकडांवर १९९० च्या दशकात गेराल्ड शॅटन यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात इक्सीनंतर शुक्रजंतूचा अ‍ॅक्रोसोम आणि केंद्रकाभोवतीचे आवरण आतच राहिलेले दिसले, आणि त्यामुळे केंद्रकाचा टोकाकडचा भाग उशिरा सुटा होत होता. बाळे तरीही होतात आणि बहुसंख्य निरोगी असतात. आपण नेमके काय वगळले आहे, हे या चित्रांनी आम्हाला दाखवले.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी काचपात्रातील फलनाने बाळ जन्माला आले. त्या काळी तिथे काम केलेल्या वरिष्ठांकडून मी शिकले, आणि स्त्रीबीज हातात असताना घाई करायची नाही हे त्यांचे शिक्षण अजून पाळते.

शिंपला

दीपमाळ, फार मोलाचा प्रतिसाद. तंतुकणिकांविषयी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांविषयी, एक ओळ जोडतो. वडिलांच्या तंतुकणिका आत येतच नाहीत, असे सर्रास लिहिले जाते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्या आत आलेल्या स्पष्ट दिसतात, कारण बहुतेक सस्तन प्राण्यांत शेपटीही आत येते. चिनी हॅमस्टर हा ठळक अपवाद. आत आल्यावर त्या नष्ट केल्या जातात. १९९९ मध्ये सुतोव्स्की यांच्या गटाने त्यांच्यावर युबिक्विटिन या प्रथिनाची, नष्ट करण्यासाठीची, खूण लावली जाते असे दाखवले. मुलाला तंतुकणिका आईकडूनच मिळतात हे खरे, परंतु दारातून परतवल्यामुळे नव्हे.

ओंजळ

मी निवृत्त झाले त्या सुमारास गोठवलेल्या नमुन्यांचे तंत्र जोर धरू लागले होते. २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यालाच मिळाले. पेशी इतक्या वेगाने गोठवायची की पाण्याचे स्फटिकच बनू नयेत, काचेसारखा बर्फ व्हावा. मग ऑस्मियम नको, राळ नको, आणि आमच्या हातून होणारे बिघाडही नकोत. शुक्रजंतूची शेपटी पातळ असल्याने ती या तंत्राला सोयीची. २०२१ मध्ये डुक्कर, घोडा आणि उंदीर यांच्या शेपट्यांची रचना अशा रीतीने प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी उंदराच्या शुक्रजंतूतील कॅटस्पर या कॅल्शियम वाहिनीचीही. याच वाहिनीतून कॅल्शियम आत आले की शेपटी जोरात फटकारे मारू लागते.

मला मात्र सर्वांत समाधान दिले ते २०२३ च्या एका शोधाने. उंदरांच्या स्त्रीबीजाच्या कापांत आम्हाला नेहमी जाळीदार पट्ट्या दिसत. १९६० च्या दशकापासून सगळ्यांना त्या दिसत होत्या. कोणी म्हणे साठवलेला बलक, कोणी म्हणे रायबोसोमचा, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या कणांचा, साठा. जर्मनीतील मेलिना शू यांच्या गटाने गोठवलेल्या नमुन्यांवर काम करून दाखवले की त्या पट्ट्यांवर गर्भाच्या पहिल्या दिवसांना लागणारी प्रथिने जपून ठेवलेली असतात, आणि त्या नसतील तर गर्भ पुढे वाढत नाही. इतकी वर्षे ज्या पट्ट्यांवरून माझी नजर नुसती फिरून जात असे, ती आईची शिदोरी होती.

रानजाई

ओंजळ, हे वाचून अंगावर काटा आला.

सर्वांच्या प्रतिसादांवरून मी उद्यासाठी फळ्यावरची आकृती नव्याने बेतली आहे. स्त्रीबीजाचे पटल हिरव्या खडूने, शुक्रजंतूचे पिवळ्या खडूने, आणि मीलनानंतर हिरव्या रेषेतच एक पिवळा तुकडा अखंड जोडलेला. पटलावर बोटांसारखे सूक्ष्मांकुरही काढणार आहे, कारण शुक्रजंतूला तेच प्रथम कवेत घेतात, आणि सीडी९ हे प्रथिन नसलेल्या उंदरिणींत त्यांचा आकार बिघडतो व मीलन जवळजवळ होतच नाही. काही चुकत असेल तर सांगा.

ओंजळ

एकच सुधारणा. टोकावरचे आतले अ‍ॅक्रोसोम पटल पिवळ्याने काढू नका, त्याला तिसरा रंग द्या, लाल चालेल. मीलनानंतरच्या आकृतीत पिवळा तुकडा बाहेरच्या रेषेत राहू द्या आणि लाल तुकडा हिरव्या वेढ्यासह आत, केंद्रकाच्या पुढे दाखवा. तुमच्या विद्यार्थिनीने विचारले होते ते त्या लाल तुकड्याविषयी.

रानजाई

लाल खडू पिशवीत टाकला आहे. आकृती आधी तिच्याकडूनच फळ्यावर काढून घेते.